आ कर बघू

आमच्या घरात जांभई देताना तोंडावर हात धरायची पद्धत होती. ती शिष्टाचार म्हणून नव्हे, इंदूआत्या आत बघेल या भीतीनं.

आणि ती बघायचीच. "थांब, मिटू नको," म्हणत हनुवटी धरायची, खिडकीच्या उजेडाकडं वळवायची आणि आत डोकवायची. मग समोर पाहुणा असो की दूधवाला. "आ कर बघू" हे तिचं वाक्य इतकं ठरलेलं होतं, की आमचे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, गंगापूरच्या स्टँडवर ती बसमधून उतरताना दिसली की लांबूनच तोंड उघडून उभे राहायचे.

माझं तोंड तर तिच्या घरचंच होतं. अकरावीला मी गंगापूरहून शहरात आले, तेव्हाच्या औरंगाबादेत, तिच्या समर्थनगरातल्या दोन खोल्यांत राहायला. पहिल्या दिवशी मी "आत्या, पानी दे" म्हणाले आणि पाण्याऐवजी माझ्या हातात आरसा आला.

"जीभ मागं वळव. टाळूला लाव. सोड. ण."

"न."

"ण."

"न."

"बघ, सुमे, दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी लोळतेय नुसती. उठायचं नाव नाही."

आमच्याकडं सगळे पानीच म्हणतात आणि त्यापायी कुणाची तहान राहिलेली नाही, हे मी मनातल्या मनात म्हणाले. मोठ्यानं म्हणायला मला पाणी हवं होतं.

आत्या शिकवायची मूकबधिर मुलांच्या शाळेत. शाळा कोणती ते सांगत नाही; एका जुन्या बंगल्यात होती आणि अंगणात चिंच होती, एवढं पुरे. तिथं ऐकू न येणाऱ्या मुलांना ती बोलायला शिकवायची. कसं, असं विचारायची सोय नव्हती, कारण विचारणाऱ्याला ती लगेच करून दाखवायची. त्यासाठी तिला एसटीची तिकिटं लागत. गंगापूरहून कुणीही आलं की पायावर पाणी घ्यायच्या आधी तिकीट काढून द्यायचं. पातळ, कंडक्टरनं भोक पाडलेलं ते तिकीट ती दोन बोटांत धरून आपल्या ओठांपुढं न्यायची.

"क. हललं?"

"नाही."

"ख."

तिकीट फडफडायचं.

"ओठांकडं बघून पोराला क आणि ख सारखाच दिसतो. मग त्याला फरक कोण सांगणार? तिकीट." मग माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवायची. "आता ग. काही गुरगुरलं? ते क ला नाही गुरगुरत. आणि घ ला गुरगुरतं पण आणि तिकीटही हलतं." शेवटी नाकाखाली आरसा. त्यावर वाफ धरली की पाचवं अक्षर. "एक तिकीट, एक हात, एक आरसा. झाला क-वर्ग."

हे सगळं ती चालता चालता सांगायची. आत्याला मी बसलेली फार कमी पाहिली. ती जेवायचीसुद्धा ओट्याशी उभी राहून, एक पाय चपलेत. बोलताना तिचे हात इतके चालत, की तिच्या शेजारी चहाची कपबशी ठेवायची सोय नव्हती. आमच्या घरात चार कप होते आणि कान एकालाही नव्हता.

"ज्यानं कुणी ही अक्षरं लावली ना," ती म्हणायची, "तो तोंडातून पायी चालत आलाय बघ. क घशाशी. च टाळूला. ट ला जीभ वळवली, त ला दाताला टेकली, प ला ओठावर आला. दार उघडलं की बाहेर." त्या माणसावर तिची भक्ती होती. राग एकाच गोष्टीचा. चिमणी आणि चोर यांना त्यानं एकच च दिला होता. "जीभ दोन ठिकाणी लागते आणि अक्षर एक. आता हे मी बहिऱ्या पोराला कोणत्या तोंडानं सांगू?" दर पंधरा दिवसांनी हा प्रश्न निघायचा आणि त्या दिवशी भाजी करपायची.

हे वेड तिला लागलं आठव्या वर्षी. आजोबा पटवारी. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळं बोलणं मराठी आणि लिहिणं सगळं उर्दू. पोलीस ॲक्शन झाली आणि वर्ष-दोन वर्षांत दप्तर मराठीत करायचा हुकूम आला. चाळिशीच्या आजोबांना बालबोध अक्षर येईना. घरात ते येणारी एकच व्यक्ती, दुसरीतली इंदू. रोज सकाळी ओसरीवर ती पाटी घेऊन बसायची आणि समोर गावचे पटवारी मांडी घालून. त्यांचा हात सवयीनं पाटीच्या उजव्या कडेला जायचा आणि ती तो धरून डावीकडं आणायची. दहाव्यांदा तिनं पट्टी मारली म्हणतात. आजोबांनी हात चोळला आणि म्हणाले, "बरोबर हाय गुरुजी. चुकलं."

आठव्या वर्षी कुणी गुरुजी म्हटलं की माणूस पुढं कशाला सुधारतो.

तिचं लग्न झालं नाही ते याच पायी. वैजापूरकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा बोलका, नोकरी पक्की. चहा झाला, पोहे झाले. मुलानं विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं असलं तर विचारा." आत्यानं विचारलं, "एकदा बाभळ म्हणता का?" तो म्हणाला. ती म्हणाली, "वाटलंच. तुमचा ळ दाताला लागतोय. आ करा बघू." मुलगा बाभळीला कितपत भ्यायला ते माहीत नाही, पण पुन्हा आला नाही.

इथपर्यंतची आत्या आम्ही लग्नाकार्यांत सांगतो आणि लोक हसतात. पुढची सांगायला मला जरा उठून फेऱ्या माराव्या लागतात. बहुतेक तिच्याकडूनच आलेली खोड असणार.

शाळेचा एक नियम होता. तेव्हा अशा बऱ्याच शाळांतून होता. मुलांनी हातवारे करून बोलायचं नाही. हाताला बोलायची सवय लागली की जीभ आळशी होते, असं मानत. वर्गात मुलं तळहात मांडीखाली घेऊन बसत. आत्या हा नियम बाकी बायांपेक्षा कडक पाळायची, कारण तिचा तिच्या अक्षरांवर विश्वास होता. आपले दोन्ही हात वाऱ्यावर सोडून ती पोरांना म्हणायची, "हात बंद. तोंडानं." त्यात काही विचित्र आहे हे तिला दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

नसीम तिच्याकडं आली तेव्हा नऊ वर्षांची होती. नवाबपुऱ्यात तिच्या वडिलांचे हिमरू विणायचे तीन माग होते. एका खोलीत तीन माग चालले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्या घरात आधीपासून सगळेच हातानं बोलत. धागा तुटला, चहा आला, गिऱ्हाईक आलंय, पण घेणारं दिसत नाही, सगळं हातानं. नसीमला ऐकू येत नाही हे त्यामुळं ती तीन वर्षांची होईपर्यंत घरच्यांना कळलंच नव्हतं. तिची आई जैबूभाभी हसत हसत हे सांगायची. "बाई, हमारे घर में वो सबसे ज्यादा बोलती. हातानं. आता तोंडानं बोलली की झालं. मेरेकू और कुछ नक्को."

आत्यानं तिला अट घातली. "घरीसुद्धा हात बंद. तिनं हात केला तर तोंड फिरवायचं. उत्तर द्यायचं नाही. तिला बोलावंच लागलं पाहिजे."

"जी बाई," जैबूभाभी म्हणाली.

वर्षभरात नसीमनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. रविवारीसुद्धा ती आमच्याकडं यायची. आत्या तिचं तोंड उघडून बॅटरीनं जिभेवर उजेड पाडायची, चमच्याच्या दांड्यानं जीभ जागेवर लावायची, गळ्याला हात, नाकाला आरसा. पोरगी घामाघूम व्हायची पण हटायची नाही. एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "ण." जाडाभरडा, विहिरीतून आल्यासारखा, पण ण. आत्या बाहेर येऊन मला म्हणाली, "ऐकलंस? तिनं न ऐकता केला. तू ऐकून कर." मी त्या दिवशी दिवसभर पाण्याला जल म्हणाले.

वार्षिक संमेलनात नसीमनं क पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं म्हणायची असं ठरलं. शाळेत तोवर कुणी मूल इतकं गेलं नव्हतं. आत्याला आठवडाभर झोप नव्हती. रोज "आ कर," रोज बॅटरी. संमेलनाला पाहुणे आले, मांडव भरला. मला हारांवर पाणी शिंपडायचं काम होतं. ते मी पाहुण्यांवरही शिंपडलं. आत्या स्टेजच्या खाली, नसीमच्या नजरेच्या सरळ रेषेत उभी. उभी म्हणजे एका जागी पाय हलवत.

नसीम म्हणू लागली. क-वर्ग झाला. च-वर्ग झाला. ट ठ ला तिचा उजवा हात उठला आणि गालाकडं गेला. आत्यानं खालून मान हलवली. नाही. हात खाली. नसीमनं हात खाली घेतला. त थ ला हात पुन्हा वर आला. आत्यानं या वेळी डोळे मोठे केले. नसीमनं दोन्ही हात पाठीमागं नेले, एकात एक अडकवले आणि ज्ञ पर्यंत म्हणून दाखवलं. टाळ्या वाजत राहिल्या. तिला त्या ऐकू येत नव्हत्या, ती आत्याकडं बघत होती. आत्या रडत होती.

मागच्या व्हरांड्यात लोक जैबूभाभीचं अभिनंदन करत होते. ती सगळ्यांना मान लववत होती आणि डोळ्यांनी आत्याला शोधत होती. गर्दी कमी झाल्यावर ती हळूच पुढं आली.

"बाई, तुम्ही म्हनले तसंच केलं मी. तिनं हात केला की तोंड फिरवलं. साल झालं. कधी चुकले नाय."

"माहीत आहे भाभी. म्हणून तर आज..."

"चार रोज झाले, पोरगी खात नाय. काय होतंय ते तोंडानं बोलता येत नाय तिला. हात करते, मी तोंड फिरवते. फिर रोती." तिनं नसीमला जवळ ओढलं. "आज एक दिन हातानं विचारू का?"

ती परवानगी मागत होती. आपल्या पोरीला काय होतंय हे विचारायची.

आत्या जागच्या जागी खाली बसली. फरशीवरच. नसीमची हनुवटी धरून तिनं तोंड उघडलं. बॅटरी पर्समध्ये होती. डाव्या बाजूची शेवटची दाढ किडून हिरडी टम्म सुजली होती, आत पू दिसत होता. आत्या गेले चार दिवस रोज त्या तोंडात बघत होती. जीभ कुठं लागते ते. टाळूवर पडलेली थुंकीची खूणसुद्धा तिनं बघितली होती. दाढ त्या खुणेपासून बोटभर लांब होती.

आत्यानं बॅटरी बंद केली. उठली आणि रिक्षा आणायला स्वतः पळाली, अनवाणी.

दातांच्या दवाखान्यात जाताना रिक्षात मधे आत्या, दोन्हीकडं त्या दोघी आणि पुढं ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर मी, निम्मी बाहेर. जैबूभाभीनं बुरख्यातून हात काढला आणि काहीतरी विचारलं. नसीम क्षणभर आत्याकडं बघत राहिली. मग तिचे हात सुटले. गाल दुखत असताना, ताप असताना ती पोरगी हातानं बोलत राहिली, भडाभडा, वर्षभराचं. जैबूभाभी उत्तरं देत होती आणि मधेच बुरख्याच्या टोकानं डोळे पुसत होती. सगळं आत्याच्या अंगावरून चाललं होतं. आत्या हात मांडीखाली घेऊन बसली होती.

दाढ निघाली. मला वाटलं, झालं. तिसऱ्या दिवशी आत्या सायकल काढून नवाबपुऱ्यात गेली आणि जैबूभाभीला म्हणाली, "मला शिकवा." भाभी हसली आणि तिनं नसीमकडं बोट दाखवलं. मग आठवड्यातून तीन संध्याकाळी नसीम गुरुजी झाली. आत्याची बोटं वाऱ्यावर उडायला चांगली होती, पण अर्थ लावून हलायला आखडू होती. चुकलं की नसीम तिच्या मनगटावर एसटीच्या तिकिटानं टपली मारायची. तिकिटं आत्याकडूनच चोरलेली. मी एकदा बरोबर गेले होते. चाळीस वर्षांची बाई, समोर दहा वर्षांची पोर, मागांचा खटखटाट, आणि आत्या म्हणतेय, "बरोबर आहे. चुकलं."

शाळेत मोठ्या बाईंशी तिचं वाजलं. वर्गात हात मोकळे सोडले म्हणून तिला शिवणकामाच्या खोलीत पाठवलं. तिथंही ती अक्षरं शिकवत राहिली. तिनं तिकीट सोडलं नाही, आरसा सोडला नाही. अक्षरावरची भक्ती तशीच होती. फक्त पोर हात करायला लागलं की ती थांबायची आणि त्याचं संपेपर्यंत बघायची.

पण स्वस्थता गेली. आधी नव्हतीच, उरलीसुरली गेली. दर रविवारी ती जुन्या मुलांचे पत्ते काढून कुठंकुठं जायची. वैजापूर, पैठण, कन्नड. तिथं जाऊन काय करायची विचारलं तर म्हणायची, "बसते." ती, आणि बसते. एका रविवारी मी तिच्याबरोबर दौलताबादला गेले. किल्ल्याखाली तिचा पंधरा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी सीताफळं विकत होता. मिशीवाला, धिप्पाड, गिऱ्हाइकांशी बोटांनी आणि चेहऱ्यानं झकास घासाघीस चाललेली. त्यानं मान वर केली, आत्याला बघितलं, आणि ताडकन उभा राहून दोन्ही हात पाठीमागं घेतले. एकात एक अडकवून. आणि जाड आवाजात म्हणाला, "न-म-स्का-र बा-ई."

आत्या टोपलीला वळसा घालून त्याच्या मागं गेली. त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि ते हात धरून पुढं आणले. तो गोंधळून हसत होता. तिनं आपल्या आखडू बोटांनी त्याला काहीतरी विचारलं. तो बघतच राहिला. मग त्यानं उत्तर दिलं, खूप लांबलचक, आणि आम्हाला दहा सीताफळं बळंच दिली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "सुमे, किती आयांची तोंडं पोरांपासून फिरवली असतील गं मी?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "तिकीट ठेवू का जपून?" तिनं हात पुढं केला.

पुढं माझं लग्न, संसार, बदल्या. आत्या निवृत्त होऊन पुंडलिकनगरात दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. सत्तरीत तिला ऐकू येईनासं झालं. कानाचं यंत्र आणून दिलं ते तिनं साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं आणि तिथंच ठेवलं. मी गेले की मला ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळं माझ्या सुनेविषयी माझं काय मत आहे हे त्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. आत्याला सोडून.

शेवटचं गेले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी माझ्या गुडघ्यांचं ओरडून सांगत होते आणि आत्या गॅलरीत उभी, कठड्यावर बोटं वाजवत रस्त्याकडं बघत होती. पलीकडच्या मेडिकल स्टोअरपाशी एक स्कूटी थांबली. चाळिशीची बाई, डोक्याला स्कार्फ, पुढं शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी. नसीम. तिनं वर बघितलं आणि दोघी सुरू झाल्या. मधून ट्रक गेला, वऱ्हाडाचा बँड गेला, भाजीवाला ओरडत गेला. त्यांचं काही अडलं नाही. आत्याची बोटं आता मुळीच आखडत नव्हती. मधेच दोघींनी एकदम माझ्याकडं बघितलं आणि हसल्या.

"काय म्हणतेय गं?" मी ओरडले.

आत्याला ऐकू आलं नाही. म्हणजे तिनं तसं दाखवलं.

मी निघाले. खाली रिक्षात बसले तेव्हा नसीमनं मला ओळखून हात केला आणि तिच्या त्या जाड आवाजात, सावकाश म्हणाली, "ये-णा-र?" ण अगदी जागेवर लागला होता. मी म्हटलं, "येनार."

मग तिनं स्कूटीला किल्ली लावली, पण निघाली नाही. मान मागं टाकून तिनं दुसऱ्या मजल्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. पूर्ण, आ करून, भर रस्त्यात. बोटानं आत डावीकडं दाखवलं. ही त्यांची रोजची पद्धत असावी, कारण मेडिकलवाल्यानं मानही वर केली नाही.

आत्या कठड्यावर ओणवी झाली. चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा डोळ्यांवर घेतला. दोन्ही हातांनी उन्हाची तिरीप अडवली. दुसऱ्या मजल्यावरून काय दिसणार. पण ती घाई न करता बघत राहिली, आमची रिक्षा वळेपर्यंत.